बाबा बोर्डावर बसले तेव्हा

माझे बाबा बावीस वर्षं लेथवर उभे होते. कारखाना व्हॉल्व्हचा होता, पाण्याचे, वाफेचे, तेलाचे. बाबा त्यातले दांडे कातायचे. केसाएवढा फरक बोटाने कळतो असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या बोटाला तो खरंच कळायचा. त्याच उजव्या हाताची मधली तीन बोटं एका मंगळवारी सकाळी, दहाच्या चहाच्या आधी, यंत्रात गेली.

अकरा महिने ते घरी होते. जखम लवकर भरली, माणूस काही भरून येईना. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, पेपर डाव्या हाताने चाळायचे आणि आईने काही विचारलं की "बघू" म्हणायचे. अकरा महिन्यांत त्यांनी हजार वेळा तरी "बघू" म्हटलं असेल. त्या मंगळवारचा विषय कुणी काढलेला त्यांना चालत नसे. काढला की उठून आतल्या खोलीत जायचे.

मग कारखान्याचं पत्र आलं. लेथवर परत घेता येणार नाही, पण टेलिफोनच्या बोर्डावर जागा आहे, सोमवारपासून या.

"बावीस वर्षं लोखंड कातलं," बाबा म्हणाले. "आता काय, तारा कातू?"

"तारा नका कातू, फोन उचला," आई म्हणाली. "घरातला तरी कुठे उचलता? तेवढीच सवय होईल."

सोमवारी ते गेले. इस्त्रीचा सदरा घातला होता, उजवा हात खिशात होता.

बोर्डाची खोली कारखान्याच्या मुख्य दाराला लागून होती. दोन खुर्च्या बसतील एवढीच. टेबलावर राखाडी रंगाचं एक यंत्र, त्यावर छोट्या दिव्यांच्या रांगा, बटणं, एक रिसीव्हर आणि दोन हेडफोन. तिथे ताई बसल्या होत्या. वयाने त्या बाबांहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील, पण साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत अख्खा कारखाना त्यांना ताई म्हणायचा. सव्वीस वर्षं त्या बोर्डावर होत्या. कारखान्यात कितीतरी माणसं अशी होती की त्यांनी ताईंना कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र रोज ऐकला होता.

आता तोच आवाज गेला होता. घशात गाठी झाल्या होत्या, त्या काढल्या होत्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्तच ताण येतो म्हणे. ताई घरी बसायला तयार नव्हत्या. साहेबांनी म्हटलं, मग नव्या माणसाला शिकवा, लिहून.

"एकीला आवाज नाही, एकाला बोटं नाहीत," बाबा त्या संध्याकाळी घरी म्हणाले. "दोन अर्धे मिळून साहेबांनी एक ऑपरेटर केलाय." हसले नाहीत. पण अकरा महिन्यांत ते पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलले, म्हणून आईने माझ्याकडे बघितलं आणि मी आईकडे.

ते यंत्र कारखान्यात नवीनच आलं होतं. त्याच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, त्यातलं कुणाला ओ की ठो कळलं नव्हतं. मग ताईंनी स्वतःच यंत्राशी झटापट करून सगळे शब्द समजून घेतले आणि बाबांसाठी एका दोनशे पानी वहीत लिहून काढले. आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने. बाबा ती वही रोज घरी आणायचे. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. जेवणाच्या टेबलावर त्यांची उजळणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

वहीत पहिल्याच पानावर होतं: "एक्स्टेन्शन म्हणजे आतला नंबर. आपल्याकडे साठ आहेत. नंबर पाठ करू नका, माणसं पाठ करा. चौतीस नंबर कुणाचा ते विसरलात तरी चालेल, पण चौतीसवाले दुपारी दोनला डुलकी काढतात हे विसरू नका."

पुढे: "ट्रंक म्हणजे बाहेरची लाईन. आठच आहेत. आठही लागल्या की बाहेरच्या नवव्या माणसाला नुसतं टूं टूं ऐकू येतं, आणि त्याला वाटतं कारखाना बंद पडला. म्हणून ज्यांच्या गप्पा लांबतात त्यांना आवरायला सांगायचं. साहेबांनासुद्धा. मी सांगते."

होल्डबद्दल लिहिलं होतं: "माणसाला दारात उभं करून आपण आत जातो, तसं. त्याला तेवढा वेळ संगीत ऐकू येतं. ते आजवर कुणालाही आवडलेलं नाही. अर्ध्या मिनिटाने परत जायचं आणि सांगायचं: थांबा हं, मी आहे, शोधते आहे. काही सापडलं नसलं तरी जायचं."

बाबांनी हे शब्दन् शब्द पाठ केलं. इतकं पाठ केलं की दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला आपल्या भरदार आवाजात म्हणाले, "थांबा हं, मी आहे, शोधते आहे." पलीकडचा माणूस म्हणाला, "शोधा बाई, सावकाश शोधा." ताई तोंडावर रुमाल धरून इतक्या हसल्या की त्यांना खोलीबाहेर जावं लागलं. हसतानाही आवाज काढायची बंदी होती.

आवाजाचंच बाबांचं मोठं दुखणं होतं. लेथच्या खडखडाटात ते बावीस वर्षं ओरडून बोलले होते. त्यांचा "नमस्कार" ऐकून लोक रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरत असणार. ताईंनी एक चिठ्ठी लिहून यंत्राला चिकटवली: "इथे यंत्र बोलत नाही. तुम्हीही हळू." तरी बाबांचा आवाज चढला की त्या आपला तळहात टेबलावर ठेवून हळूहळू खाली दाबल्यासारखा करायच्या. ताटावरचं झाकण बसवावं तसा. मग बाबांचा आवाज खाली यायचा.

घरी आम्ही आठ चमचे मांडायचो, त्या आठ बाहेरच्या लाईन. वाट्या म्हणजे आतले नंबर. मी बाहेरून फोन करणार, आई होणार चौतीस नंबर.

"चौतीसला द्या," मी म्हणायचे.

"थांबा हं," बाबा म्हणायचे आणि आईकडे वळायचे. "चौतीस, तुमचा फोन आहे."

"कोण आहे?" आई.

"एक मुलगी आहे."

"काय काम आहे विचारा. आणि लवकर विचारा, माझं दूध उतू जाईल."

ट्रान्स्फरच्या पानाशी ते अडायचे. ताईंनी लिहिलं होतं की ट्रान्स्फर म्हणजे आलेला फोन आतल्या माणसाकडे देणं, आणि देण्याच्या दोन रीती आहेत. एक आंधळी. नंबर दाबला, सोडून दिलं, पुढचं देवाला माहीत. दुसरी विचारून. आधी आतल्या माणसाशी बोलायचं, तो आहे ना, घेतोय ना, मग जोडायचं आणि मग आपण बाजूला व्हायचं. "पहिल्या रीतीला दोन सेकंद लागतात आणि दुसरीला वीस. गर्दीत हात पहिलीकडे जातो. जाऊ देऊ नका." त्याखाली जरा बारीक अक्षरात: "आतल्या माणसाने फोन उचलला नाही तर काही वेळाने तो फिरून आपल्याकडे येतो, त्याला रिकॉल म्हणायचं. ही सोय सगळ्या नंबरांना लावून घेतली आहे. फक्त सर्व्हिसवाल्यांच्या चार नंबरांना राहिली आहे. त्यांचे साहेब म्हणतात, नको ती कटकट."

हे सगळं कानाने आणि डोक्याने जमत होतं. मनाने जमत नव्हतं. वर्कशॉपमधले जुने मित्र बाबांना "हॅलोराव" म्हणायला लागले. मुद्दाम तिथल्या बावन्न नंबरवरून फोन लावायचे आणि नाजूक आवाज काढून म्हणायचे, "हॅलोराव, सिनेमाची दोन तिकिटं द्या ना." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण बाबांना ते लागायचं. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी ते घरी आले, वही टेबलावर टाकली आणि म्हणाले, "सोमवारी जाऊन राजीनामा देतो. हे बसून घंट्या ऐकण्याचं काम माझं नाही. हे काही काम आहे का?"

आई इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"अहो, एक विचारू? त्या दिवशी मला फोन कुणी केला होता, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

बाबा उठायला लागले. "तो विषय नको."

"बसा. अकरा महिने नको म्हणालात, मी नाही काढला. आज ऐका."

बाबा बसले. मी दारात उभी होते. मलाही हे माहीत नव्हतं.

"सकाळी दहा-सव्वादहाला फोन वाजला," आई म्हणाली. "एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, मी कारखान्यातून बोलतेय, आधी चांगलं सांगते ते ऐका. ते शुद्धीवर आहेत, बोलतायत, गाडीत बसलेत, दवाखान्यात पोचतील. आता वाईट सांगते. हाताला लागलंय, तीन बोटं गेली. मी म्हटलं, खोटं तर नाही ना सांगत? म्हणाल्या, नाही, तुम्हाला मी खोटं सांगणार नाही. कारखान्याची दुसरी गाडी तुम्हाला घ्यायला निघालीय, ती येईपर्यंत मी फोनवर आहे."

आईने इस्त्रीच्या वायरीला उगाच एक वेढा घातला.

"मला चपला सापडेनात. मी रडत होते आणि चपला शोधत होते. त्या म्हणाल्या, फोन ठेवू नका, बाजूला ठेवा, चपला शोधा, परत या, मी आहे. परत आले, होत्या. पर्स शोधायला गेले, परत आले, होत्या. शेजारच्या काकूंना हाक मारून या म्हणाल्या. मारून आले, होत्या. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. पस्तीस मिनिटं ती बाई माझ्यापाशी होती."

बाबांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "आणि बाकीचे फोन?"

"कसले बाकीचे?"

"सकाळी दहा ते अकरा सगळ्यात जास्त गर्दी असते. आठही लाईन भरतात. एक लाईन पस्तीस मिनिटं तुझ्यापाशी. मग उरलेल्या सातांचं काय केलं त्यांनी?"

आई आठवू लागली. "मधूनमधून म्हणायच्या, अर्धा मिनिट हं, आलेच. आणि खरंच अर्ध्या मिनिटात यायच्या. दर वेळी."

बाबांनी वही ओढून घेतली आणि होल्डचं पान उघडलं. ते पान त्यांना तोंडपाठ होतं, तरी पुन्हा वाचलं. आठ दिवे, एक माणूस, एक तोंड. दर अर्ध्या मिनिटाला एक फोन मार्गी लावायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला चपला शोधणाऱ्या एका बाईकडे परत यायचं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना यातलं काहीच कळलं नसतं. आता कळत होतं की हे किती अवघड आहे. बाबांचे डोळे भरून आले, आणि ते उठून आतल्या खोलीत गेले नाहीत. तिथेच बसले.

सोमवारी ते राजीनामा न देता खोलीत गेले आणि ताईंसमोर उभे राहून म्हणाले, "ताई, माझ्या बायकोने मला सांगितलं. मला माहीतच नव्हतं."

ताईंना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: "मला आठवतं. शेवटी चपला सापडल्या का त्यांच्या?"

"सापडल्या. एक तिची आणि एक पोरीची, अशा घालून आली."

ताईंचे खांदे हलायला लागले. मग त्या डोळे पुसत होत्या. कशाने ते त्यांनी लिहिलं नाही.

त्या दिवसापासून बाबा निराळ्या जिद्दीने कामाला लागले. साठ माणसं त्यांनी पाठ केली. चार टेबलांवर एकामागून एक वाजणाऱ्या नंबराला ग्रुप म्हणतात, कुणी बाहेर जाताना आपला फोन दुसऱ्याच्या गळ्यात बांधून जातो त्याला फॉरवर्ड म्हणतात, आणि तो परत आल्यावर सोडवायला हमखास विसरतो, म्हणून दुपारी जेवणानंतर सगळ्यांना आठवण करायची, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं. हॅलोराव म्हणून हाक आली की म्हणायचे, "बोला, बाल्कनी की खाली?"

चूक झाली ती पाचव्या आठवड्यात. गुरुवारी दुपारी आठही दिवे लागले होते, आणि एका माणसाने घाईघाईने सांगितलं, "दवाखान्याच्या बॉयलरवरून बोलतोय, सर्व्हिसला द्या." बाबांनी सर्व्हिसचा एक्केचाळीस दाबला आणि सोडून दिला. आंधळा. ताई तेव्हा औषध घ्यायला बाहेर गेल्या होत्या. दोन सेकंदांचं काम, पुढचा दिवा लुकलुकत होता. विकलेल्या व्हॉल्व्हची दुरुस्ती बघणारे सर्व्हिसवाले चौघेही त्या वेळी बाहेर गेले होते, त्यांच्या नंबरांना रिकॉल नव्हता, आणि तो फोन रिकाम्या खोलीत वाजून वाजून बंद झाला. बाबांना पत्ताही लागला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला तोच आवाज पुन्हा आला. या वेळी त्यात घाई नव्हती, थकवा होता.

"साहेब, काल तुम्ही मला दिलंत तिथे नुसती घंटा वाजत राहिली. म्हटलं, सकाळी बघू. तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह कालपासून चिकटतोय. आता काटा लाल रेघेच्या वर गेलाय आणि व्हॉल्व्ह उडत नाही."

वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह आपोआप उडतो, वाफ बाहेर जाते आणि दाब उतरतो. तो उडाला नाही तर दाब वाढतच राहतो. बाबांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आग चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे. वरच्या मजल्यावर चादरी धुवायच्या आहेत, ऑपरेशनची अवजारं उकळायची आहेत..."

"आधी बर्नर बंद करा. आत्ता. फोन ठेवू नका, बाजूला ठेवा. बंद करून परत या. मी आहे."

तो गेला. बाबांनी सर्व्हिसचे चारही नंबर एकामागून एक लावले. कुणी उचलेना. ताई दुसऱ्या हेडफोनवर सगळं ऐकत होत्या. त्यांना माहीत होतं सर्व्हिसवाले कुठे आहेत ते. त्या एकदम पुढे झुकल्या, तोंड उघडलं.

"ताई, नाही," बाबा म्हणाले. "लिहा."

ताईंनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने खरडलं: ३१. नकाशांची खोली. बैठक.

बाबांनी एकतीस लावला. "सर्व्हिस साहेबांना द्या. बैठक असू दे, मी बोर्डावरून बोलतोय, बॉयलरचं काम आहे." साहेब आले. आता दवाखान्याची बाहेरची लाईन आणि साहेबांची आतली लाईन एकत्र जोडायची होती, म्हणजे तिघांनी एकाच वेळी बोलायचं. वहीत याला कॉन्फरन्स म्हटलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: "क्वचित लागते. पण आली पाहिजे." त्यासाठी दोन टोकांची दोन बटणं एकदम दाबावी लागत. बाबांच्या डाव्या हातात रिसीव्हर होता, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी एवढी लांब पोचेना. त्यांनी अंगठ्याने एक दाबलं. ताईंचं बोट दुसऱ्यावर आलं. लाईन जुळली.

"बर्नर बंद केला," बॉयलरवाला परत येऊन म्हणत होता. "पण काटा उतरत नाही. हातोडीने वरून हळूच ठोकू का? मागे एकदा ठोकल्यावर सुटला होता."

"थांबा," सर्व्हिस साहेब म्हणाले. "पाटीवरचा नंबर वाचा." त्याने वाचला. साहेबांनी कुणाला तरी त्या व्हॉल्व्हचा नकाशा काढायला सांगितला. पाच-सहा सेकंद कागद उलटल्याचा आवाज येत राहिला.

ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं, हे वहीत ठळक लिहिलेलं होतं. बाबांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी मान हलवली: बोला.

"साहेब, मधे बोलतो, माफ करा," बाबा म्हणाले. "तो लांब दांड्याचा जुना प्रकार आहे. ते दांडे मीच कातलेत. वरून ठोकलं तर दांडा वाकेल आणि कायमचा अडकेल. ठोकू देऊ नका."

पलीकडे कागदांचा आवाज थांबला. मग साहेब म्हणाले, "बरोबर आहे. ठोकू नका. व्हॉल्व्हला हातच लावू नका. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा. धुलाईकडे जाणारी वाफेची लाईन अगदी थोडी उघडा, हळूहळू, आणि तुम्हीही दाराबाहेर या. काटा दारातून दिसतो का?"

"दिसतो."

"मग तिथूनच सांगत राहा."

एव्हाना बाहेरच्या इतर लाईनींचे दिवे लुकलुकायला लागले होते. साडेनऊ-दहाची गर्दी. बाबा एकेक फोन घेत होते, विचारून आत देत होते, आणि दर अर्ध्या मिनिटाला दवाखान्याच्या लाईनवर परत येत होते. "मी आहे. काटा कुठे आहे?" तो सांगायचा. "आलोच हं." पुन्हा एक फोन. पुन्हा परत. ताई त्यांच्यासमोर एकेक चिठ्ठी सरकवत होत्या, कोण कुठे आहे, कुणाला नंतर करायला सांगायचं. बाबा नंतर म्हणाले की त्या सकाळी आपण ओरडलो नाही, हे त्यांच्या दुपारी लक्षात आलं.

वीस मिनिटांनी बॉयलरवाला म्हणाला, "रेघेच्या खाली आला." आणि मग, थोड्या वेळाने, "साहेब, मी जरा खाली बसतो."

"बसा," बाबा म्हणाले. "मीही बसलोय."

दुपारपर्यंत सर्व्हिसची माणसं नवा व्हॉल्व्ह घेऊन तिकडे पोचली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. दवाखान्याच्या चादरी एक दिवस उशिरा धुतल्या गेल्या, नुकसान तेवढंच.

त्याच दुपारी बाबा सर्व्हिस साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, काल त्याचा फोन मी न विचारता दिला होता. विचारून दिला असता तर कालच काम झालं असतं. चूक माझी आहे."

सर्व्हिस साहेब तापट म्हणून प्रसिद्ध होते. बाबा बोलणी खायच्या तयारीनेच गेले होते. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताईंनी मला दोनदा चिठ्ठी पाठवली होती, त्या रिकॉलसाठी," ते म्हणाले. "मी कटकट नको म्हणालो. तुम्ही एकदा विसरलात, मी दोनदा नाही म्हटलं. हिशेब माझ्याकडे जास्त निघतो." मग म्हणाले, "फोनच्या तंत्रज्ञाला आजच बोलावून घ्या. आणि तो लांब दांड्याचा व्हॉल्व्ह अजून कुणाकुणाकडे आहे, ते शोधायला मला तुमची मदत लागेल. नकाशांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे."

संध्याकाळपर्यंत सर्व्हिसचे चारही फोन एका ग्रुपमध्ये आले, आणि चारही वाजून कुणी उचललं नाही तर फोन बोर्डावर परत यायला लागला. ताईंनी पाच-सहा वेळा तपासून पाहिलं.

सहा आठवडे संपले. ताई डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आवाज आला होता, पण बारीक, कडेला जरा फाटलेला. दिवसभर बोलायचं काम पुन्हा करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कारखान्याने त्यांना नकाशांच्या खोलीत घेतलं आणि बाबांना बोर्डावर कायम केलं. त्या दिवशी बाबा घरी आले ते आनंदात नव्हते. "त्यांची खुर्ची आहे ती," म्हणाले. "मला मिळाली म्हणून मी पेढे वाटू का?"

आई म्हणाली, "त्यांना घरी बोलवा. येत्या रविवारी."

ताई आल्या. आईने दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आधी कधी भेटल्या नव्हत्या.

"या," आई म्हणाली. "किती दिवस वाट बघतेय."

"कशा आहात?" ताई म्हणाल्या. आईने आणि मी तो आवाज पहिल्यांदा असा समोरासमोर ऐकला. आईने त्यांचा हात धरला.

"मी कुठेही ओळखला असता तुमचा आवाज," ती म्हणाली.

"आता तो राहिला नाही हो."

"राहिलाय. पातळ झालाय, एवढंच."

मग चहा झाला, जेवण झालं, आणि दोघींचं मेतकूट असं जमलं की मला आणि बाबांना मधे शिरायला जागा मिळेना. आईच जास्त बोलत होती, ताईंनी कमी बोलावं म्हणून. उन्हं उतरल्यावर बाबा आणि मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला निघालो. बाबा काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. थांब्यावर पोचल्यावर ते म्हणाले, "ताई, तुम्ही नसता तर मी अजून खिडकीत बसलो असतो. त्या दिवशी हिच्या आईला सांभाळलंत, नंतर मला. मला नीट बोलता येत नाही, पण हे मी विसरणार नाही."

"मी एकटी राहते," ताई म्हणाल्या. "सहा आठवडे न बोलता एकट्या घरात काय झालं असतं माझं, कुणास ठाऊक. रोज सकाळी तुम्ही यायचात आणि दिवसभर बडबडायचात. लेथचं, पोरीचं, वहिनींचं. मी घरी जाऊन त्यावर विचार करत झोपायचे. तेव्हा आभार मीही मानायला हवेत."

बस आली. त्या चढल्या, खिडकीची जागा मिळाली, त्यांनी आतून हात हलवला. बाबांनीही हलवला. उजवा हात. खिशातून कधी बाहेर आला होता, ते मी पाहिलं नव्हतं.

पुढे नऊ वर्षं बाबांनी बोर्ड सांभाळला. ताई सात वर्षांनी नकाशांच्या खोलीतून निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज हळूहळू बराच सुधारला, आणि रविवारी त्या आमच्याकडे आल्या की आता आईपेक्षा त्याच जास्त बोलतात.